देवाला ऊन पाणी, रुग्णाला गार

पंढरपुरात आषाढीचा सोहळा आटोपला की विठ्ठलाची प्रक्षाळपूजा होते. अहोरात्र उभे राहून शिणलेल्या देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, काढा देतात. पाषाणाच्या मूर्तीचाही शीण ओळखण्याइतके आपण हळवे आहोत. या हळवेपणाबद्दल माझी तक्रार नाही. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी तो कुठे गहाण पडतो, एवढेच विचारायचे आहे.

दुर्बिणीतून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करताना रक्ताने दिसेनासे होऊ नये म्हणून मूत्राशयात सतत द्रव सोडावा लागतो. एकेका रुग्णाला दहा-पंधरा लिटर, कधी त्याहून जास्त. मुतखड्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही तेच. एसीच्या खोलीत ठेवलेला तो द्रव 20 अंशांच्या आसपास असतो आणि शरीर 37 अंशांचे. कमरेत भूल दिलेली असते, त्यामुळे पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आतली ऊब कातडीकडे येऊन उडून जाते आणि कमरेखालचे शरीर थरथरून ती भरूनही काढू शकत नाही. त्यात रुग्ण सत्तरीचा, पाय वर बांधलेले, पांघरूण बाजूला सारलेले. शरीर 36 अंशांखाली गेले की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. बाहेर स्ट्रेचरवर दात वाजत असलेला म्हातारा दिसला की आपण म्हणतो, "आत एसी फार असतो ना!" आणि घरून आणलेली शाल त्याच्या अंगावर टाकतो.

ही थंडी नुसती गैरसोय नाही. हुडहुडी भरली की शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते, रक्त गोठायला वेळ लागतो, औषधांचा अंमल लांबतो. 1996 साली आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या 200 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थंड पडलेल्यांपैकी 19 टक्क्यांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, उबदार ठेवलेल्यांपैकी 6 टक्क्यांच्या. खरे सांगायचे तर 2022 मध्ये मुख्यतः चीनमधल्या पाच हजारांवर रुग्णांच्या चाचणीत 35.5 आणि 37 अंश यांत हृदयविकाराच्या किंवा संसर्गाच्या बाबतीत फरक दिसला नाही. हे वाचून काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. माझा राग नेमका तिथेच आहे. माणूस दगावत नसेल तर त्याला कुडकुडू द्यायला हरकत नाही, हा हिशेब कोणत्या धर्मात बसतो? आपल्याला मरण तेवढे मोजता येते. गरिबाचे कुडकुडणे कुठल्याच रकान्यात चढत नाही. भुलीच्या कागदावर नाडी असते, रक्तदाब असतो, तापमानाची जागा पुष्कळदा कोरी!

उपाय अवघड असता तर गप्प बसलो असतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2008 मध्येच लिहून ठेवले आहे की शस्त्रक्रियेत आत सोडायचे द्रव तापमान-नियंत्रित कपाटात 38 ते 40 अंशांपर्यंत गरम करून वापरावेत. एक कपाट, बस्स. पण कपाटाचे उद्घाटन होत नाही, त्याची बातमी छापून येत नाही. आपले दानशूर रुग्णालयाच्या बाकावर, पंख्यावर, पाणपोईवर आईवडिलांची नावे कोरतात. ऊन सलाईनच्या कपाटावर नाव कोरलेले माझ्या तरी पाहण्यात नाही. विश्वस्त दर्शनी भागात संगमरवर बसवतात, कारण रुग्णालय पारखताना आपण फरशी पाहतो. सर्जनला गाउनमध्ये घाम येतो म्हणून एसी वाढतो. उघडा पडलेला माणूस मात्र भुलीखाली असतो, नाहीतर भिडेखाली. डॉक्टरसाहेबांना थंडी वाजतेय असे सांगायचे कसे, या भिडेने आपण पिढ्यान्पिढ्या तोंड शिवून घेतले आहे आणि तिलाच संस्कार म्हणत आलो आहोत.

एक इशारा दिलाच पाहिजे. हे वाचून कुणी सलाईन बादलीतल्या उकळत्या पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये अंदाजाने तापवू नये. न मोजता तापवलेल्या द्रवाने रुग्ण आतून भाजू शकतो, आणि भुलीखालचा माणूस ओरडतही नाही. कपाट हवे, त्याला थर्मोस्टॅट हवा, आणि तो रोज पाहणारी नर्स हवी.

घरातल्या कुणाचे असे ऑपरेशन ठरले असेल तर संमतीपत्रावर सही करण्याआधी भूलतज्ज्ञांना दोनच प्रश्न विचारा: आत सोडणार ते पाणी किती अंशांचे आहे, आणि ऑपरेशन चालू असताना रुग्णाचे तापमान कोण पाहणार आहे? उत्तर मिळेपर्यंत पेन खिशातच राहू द्या.