टप्प्याचा बिल्ला आणि शासनाची मोजपट्टी

गुणगौरवाच्या दोन रीती प्रशासनाला ठाऊक आहेत. पहिली म्हणजे सर्वांना एका रांगेत उभे करून पुढच्या तिघांना पदक देणे. दुसरी म्हणजे मोजपट्टी आधीच जाहीर करून ती गाठणाऱ्या प्रत्येकाची नोंद घेणे. आपल्या यंत्रणेला पहिली रीत अधिक प्रिय आहे, कारण तीत समारंभ असतो, व्यासपीठ असते, छायाचित्र असते. दुसरीत केवळ एक नोंदवही असते. परंतु एखाद्या क्षेत्राचा पाया रुंद करावयाचा असेल तर उपयोगी पडते ती ही दुसरी रीतच, आणि याचे उत्तम उदाहरण मला धनुर्विद्येच्या खेळात दिसते.

धनुर्विद्येची आंतरराष्ट्रीय संघटना १९३१ साली स्थापन झाली. अनेक वर्षे ती 'फिटा' या नावाने ओळखली जाई. २०११ पासून तिचे नाव 'वर्ल्ड आर्चरी' झाले. तिच्या जुन्या व मोठ्या फेरीत १४४ बाण सोडावयाचे असतात, चार अंतरांवरून प्रत्येकी ३६. पुरुषांसाठी ही अंतरे ९०, ७०, ५० व ३० मीटर, तर स्त्रियांसाठी ७०, ६०, ५० व ३० मीटर. प्रत्येक बाणाचे जास्तीत जास्त १० गुण, म्हणून एकूण १४४०. या फेरीत खेळाडूने १००० गुण गाठले की तो पहिल्या 'स्टार' बिल्ल्यास पात्र ठरतो. पुढील टप्पे ११००, १२००, १३००, १३५० आणि १४०० असे आहेत. दक्षिण कोरियाच्या पार्क सुंग-ह्यून यांनी २००४ मध्ये या फेरीत १४०५ गुण मिळविले होते. शेवटचा टप्पा किती दुर्मीळ, हे यावरून कळावे.

ही रचना पाहताना प्रशासकाच्या नजरेत तीन गोष्टी भरतात. पहिली, खालचे टप्पे शंभर-शंभर गुणांचे आहेत आणि वरचे पन्नासांचे. जिथे प्रगती कठीण होते तिथे पायरी लहान केली आहे. दुसरी, एकाला बिल्ला मिळाल्याने दुसऱ्याचा हुकत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, घरच्या अंगणातील सरावाचे गुण येथे चालत नाहीत. ते मान्यताप्राप्त स्पर्धेतच मिळवावे लागतात. तेथे बाणांचे गुण लिहून होईपर्यंत लक्ष्यावरील बाणाला कोणी हात लावत नाही. खेळाडू आपले गुण उच्चारतो, शेजारचे प्रतिस्पर्धी ते पडताळतात, वाद झाला तर पंच निर्णय देतात आणि शेवटी गुणपत्रिकेवर खेळाडूची व गुणलेखकाची स्वाक्षरी होते. तपासणी अशी जागच्या जागी होत असल्याने मागाहून चौकशी समिती नेमावी लागत नाही.

आता आपल्याकडील चित्र पाहू. केंद्र शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंच्या भरतीसाठी मुख्य निकष आहे तो राज्याचे किंवा देशाचे प्रतिनिधित्व. धनुर्विद्येत झारखंडसारख्या राज्यात स्पर्धा तीव्र आहे. जमशेदपूरची टाटा अकादमी १९९६ पासून तेथे खेळाडू घडवीत आहे. अशा राज्यात संघाबाहेर राहिलेला मुलगा एखाद्या दुबळ्या राज्यातील पहिल्या क्रमांकापेक्षा पुष्कळ सरस असू शकतो. पण कागदावर पहिला शून्य आणि दुसरा पात्र! क्रमांक हा नेहमी इतरांच्या तुलनेत असतो. गुण मात्र स्वतःचे असतात. वडिलांच्या बदलीमुळे नागपूरहून भोपाळला आणि तेथून गुवाहाटीला जाणाऱ्या मुलांच्या पालकांना हे अधिक पटेल. राज्य बदलले की क्रमांक मागे राहतो, पण ७० मीटर सर्वत्र ७० मीटरच असतात.

निरपेक्ष मोजपट्टी आपल्या शासनाला अपरिचित होती असेही नाही. राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहिमेतील पुरस्काराला याच खेळाडू-भरतीच्या नियमांत स्थान दिलेले आहे. म्हणजे तत्त्व मान्य आहे. त्याचा विस्तार झाला नाही.

या विचारावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, बिल्ल्यांना नोकरीचे मोल आले की बनावट बिल्ल्यांचा बाजार उभा राहील. आक्षेप खरा आहे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्रातही उघडकीस आलेली आहेत. पण प्रमाणपत्र बनावट करणे सोपे असते ते त्यामागे काही मोजलेले नसते तेव्हा. बाणागणिक लिहिलेली, दोन स्वाक्षऱ्यांची आणि त्याच दिवशी सर्वांसमोर प्रसिद्ध केलेली गुणपत्रिका खोटी करणे त्याहून पुष्कळ अवघड आहे.

दुसरा आक्षेप संघटनांविषयीचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. बिल्ला असो वा निवड, वाट राष्ट्रीय संघटनेच्या दारातून जाते. भारतीय धनुर्विद्या संघटनेची मान्यता केंद्र शासनाने डिसेंबर २०१२ मध्ये काढून घेतली होती. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये जागतिक संघटनेने तिला निलंबित केले आणि ते निलंबन जानेवारी २०२० मध्ये उठले. मधल्या काळात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आपल्या खेळाडूंना तटस्थ झेंड्याखाली उतरावे लागले. पदाधिकाऱ्यांच्या भांडणाची किंमत धनुष्य हाती धरणाऱ्याने का मोजावी? म्हणूनच गुणांची नोंदवही संघटनेच्या कपाटात नव्हे, तर सार्वजनिक अभिलेखात असली पाहिजे.

माझी सूचना लहानशी आहे. आपल्याकडे बांबूच्या धनुष्याने ५० व ३० मीटरवर खेळली जाणारी 'भारतीय फेरी' आहे. महागडे आधुनिक धनुष्य परवडत नाही अशा आदिवासी व ग्रामीण मुलांचा या खेळातील प्रवेश बहुधा येथूनच होतो. ही फेरी आंतरराष्ट्रीय फेऱ्यांत मोडत नसल्याने त्या मोजपट्टीचा लाभ या मुलांपर्यंत पोचत नाही. राज्यांच्या क्रीडा विभागांनी या फेरीसाठी टप्पे ठरवावेत, जिल्हा स्पर्धांच्या बाणवार गुणपत्रिका सर्वांना पाहता येतील अशा ठेवाव्यात आणि वरचा टप्पा गाठणाऱ्यास आधुनिक धनुष्य शासनाने द्यावे. खर्च फारसा नाही. लागते ती नोंद ठेवण्याची शिस्त.

लिंबाराम राजस्थानच्या आदिवासी भागातून आले, दीपिकाकुमारी रांचीजवळच्या गावातून, प्रवीण जाधव फलटण तालुक्यातील सरडे गावातून. ते कोणाच्या तरी नजरेस पडले म्हणून देशाला मिळाले. नजर ही योगायोगाची गोष्ट आहे. योगायोगाची जागा नोंदवहीने घेणे, हेच तर प्रशासनाचे काम!