पाण्याचा कस कोण पाहणार?

पाडव्याच्या मुहूर्तावर आपल्याकडे गुंजभर का होईना, सोने घरात येते. पेढीवर आपण हॉलमार्क निरखतो, घडणावळीवरून घासाघीस करतो. पण हे सोने ज्या दगडातून निघाले त्याच्या चोथ्याचे पुढे काय झाले, असे विचारणारा गिऱ्हाईक मला अजून भेटला नाही. मीही कधी विचारले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी बंगळूरला गेलो आणि सवड काढून कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे जाऊन आलो. खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद पडल्या. सोने गेले आणि वस्तीला लागून राखाडी टेकड्या तेवढ्या राहिल्या. तीन कोटी टनांहून अधिक चोथा! वारा सुटला की त्याची भुकटी घराघरांत शिरते. या टेकड्यांना तिथे सायनाइडच्याच नावाने ओळखतात.

एक टन दगडात सोने असते काही ग्रॅम. म्हणून दगड पिठासारखा दळून सोडियम सायनाइडच्या पातळ द्रावणात घोळवतात. सोने विरघळते, मग ते कोळशावर किंवा जस्ताच्या भुकटीने वेगळे करतात. ही रीत १८८७ पासूनची आहे.

सायनाइडचे नाव काढताच ‘बंदी घाला’ म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. अनेक देशांतले गरीब खाणकामगार त्याऐवजी पारा वापरतात. सायनाइड ऊन-हवेने हळूहळू मोडते, पारा मात्र पिढ्यान् पिढ्या टिकतो. चुना घालून द्रावण अल्कधर्मी राखले तर विषारी वायू सुटत नाही. चोथा सोडण्याआधी उरलेले सायनाइड रसायनांनी नष्ट करता येते, तळ्याला अस्तर घालता येते. यातले काहीच गुपित नाही.

मग घात कुठे होतो? रुमानियात बाया मारे येथे ३० जानेवारी २००० रोजी पाऊस आणि वितळलेले बर्फ यांनी तळ्याचा बांध फुटला. जादा पाण्यासाठी सोयच ठेवलेली नव्हती. सुमारे एक लाख घनमीटर विषारी पाणी तिसा नदीतून डॅन्यूबपर्यंत गेले. हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले. पैसा वाचवला कोणी आणि फेडले कोणी!

जून २०२४ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कोलारच्या या टेकड्यांतून उरलेले सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला मान्यता दिली. आमच्या शिक्षकखोलीत हा विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाले, “सर, रोजगार येतोय, खोडा कशाला घालता?” खोडा कसला? मी हिशेब मागतो आहे. काम संपल्यावरच्या साफसफाईचा पैसा ठेकेदाराकडून आधीच जमा करून घ्या. विहिरींच्या पाण्याची आणि हवेतल्या धुळीची तपासणी त्रयस्थाकडून दरमहा करवा आणि तिचे आकडे नगरसभेच्या फलकावर लावा. ते कन्नडबरोबर तमिळ आणि तेलुगूतही हवेत, कारण तिथल्या वस्तीत त्या भाषा बोलल्या जातात. न कळणाऱ्या भाषेतली सूचना म्हणजे सूचना न देणे, हे सीमाभागातल्या वाचकाला मी वेगळे सांगायला नको.

वाचकहो, यंदा वळे घ्याल तेव्हा सराफाला एवढेच विचारा: हे सोने कुठल्या खाणीतले, आणि तिथले पाणी कोणी तपासले? तो हसेल, हसू द्या. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तोही पुढे कोणाला तरी विचारील.