बहूबाजारातील विहार आणि आपण

पूर्वेकडील यात्रेस निघणाऱ्या गोमंतकीय हिंदूंचा क्रम आता ठरून गेला आहे. जगन्नाथपुरी, कालीघाट, दक्षिणेश्वर, गयेचे पिंडदान आणि जमल्यास बोधगया. बोधगयेस गाडी तासभर थांबते, पिंपळाखाली छायाचित्र निघते, आणि बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार असल्याचे मुलांना सांगून मंडळी पुढे निघतात. कोलकात्याच्या बहूबाजारातील धर्मांकुर विहार या क्रमात कोठेच नाही.

सोनारांच्या दुकानांनी गजबजलेल्या रस्त्यावरून आत वळले की लाल विटांच्या जुन्या बराकी लागतात. त्यांच्या शेजारी, बुद्धिस्ट टेंपल स्ट्रीट नावाच्या गल्लीत हा विहार आहे. आम्ही तेथे गेलो ती दुपारची वेळ होती. पंडा नाही, रांग नाही, दक्षिणेसाठी पुढे आलेला हात नाही. मूर्तीसमोर हवा तितका वेळ बसावे. देवळातील वर्दळीस सरावलेल्या मनाला ही शांतता प्रथम काहीशी परकीच वाटते.

चट्टग्रामहून आलेल्या कृपाशरण महास्थविरांनी १८९२ मध्ये बौद्ध धर्मांकुर सभा स्थापन केली आणि १९०३ मध्ये हा विहार उभा राहिला. येथील उपासक बहुतेक बरुआ आडनावाचे, घरीदारी बंगाली बोलणारे. भारताच्या मैदानी प्रदेशातून बुद्धधर्म नामशेष झाला, असे आपण शाळेत शिकलो. चट्टग्रामच्या या समाजाने तो कधी सोडलाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात आराकानातील सारमेध महास्थविरांनी त्यांच्या आचाराला थेरवादी शिस्त लावून दिली, इतकेच.

याच शहरात आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पाली शिकवीत होते. तेथील भरघोस वेतनावर त्यांनी पाणी सोडले आणि महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये पत्करले. बुद्ध त्यांना मराठी माणसास मराठीतून सांगावयाचा होता. पुढे मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांच्याच प्रयत्नाने 'बहुजनविहार' उभा राहिला, तो १९३७ च्या सुमारास. परळ-लालबागला दोन-तीन पिढ्या काढलेली गोमंतकीय कुटुंबे थोडी नाहीत. त्यांपैकी किती जणांनी या विहाराचे नाव तरी ऐकले असेल?

या अनास्थेचे कारण केवळ अज्ञान आहे, असे आम्हांस वाटत नाही. १९५६ मध्ये नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, आणि तेव्हापासून मराठी मुलखातील विहार सवर्ण हिंदूंच्या लेखी 'त्यांचा' झाला. बरुआंची जात आपल्याला ठाऊक नसते, म्हणून बहूबाजारात निःसंकोच बसता येते. शेजारच्या गावातील विहाराच्या उंबरठ्यावर पाऊल अडखळते, ते श्रद्धा आडवी येते म्हणून खचित नव्हे. सारनाथच्या स्तूपाला भक्तिभावाने प्रदक्षिणा घालणारा गृहस्थ आपल्या तालुक्यातील बुद्धवंदनेस कधी गेलेला नसतो, आणि यात काही विसंगती आहे हे त्याच्या गावीही नसते. नवव्या अवताराचा दाखला येथे उपयोगी पडत नाही. किंबहुना अवतार म्हणून देव्हाऱ्यात स्थान दिले की त्याच्या शिकवणुकीस उत्तर देण्याचे राहून गेले तरी चालते, ही सोय आपण फार जुन्या काळापासून करून ठेवली आहे.

गोमंतकासही बुद्ध परका नव्हता. कोलवाळ येथे १९३० मध्ये फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली. ती आज मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील संग्रहालयात आहे. डिचोलीजवळच्या लामगावची लेणीही बौद्धांची मानली जातात. पण मूर्ती आणि लेणी यांचा अभिमान बाळगणे सोपे असते. त्यांच्या पलीकडे जिवंत माणसे नसतात. यात्रा काढणाऱ्यांनी धर्मांकुर विहाराचे नाव आपल्या यादीत अवश्य घालावे. त्याआधी मात्र पत्रादेवी ओलांडून सिंधुदुर्गात किंवा घाट चढून बेळगावास जाऊन तेथील एखाद्या विहारात बसून यावे. बुद्धपौर्णिमेस तेथे वंदना होते, आणि ती ऐकावयास कोणास मज्जाव नसतो.