वीज पुरेशी आहे, मग कारखान्याबाहेर डिझेल जनरेटर अजून का?

लाईट गेली की घरातला पंखा थांबतो. प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मात्र मशीनमधलं वितळलेलं प्लास्टिक थंड होऊन आतच घट्ट बसू शकतं. वीज लवकर परत आली, तरी मशीन साफ करून पुन्हा तापवावं लागतं. सीएनसी मशीनवर काम सुरू असताना वीज गेली तर जॉब रिजेक्ट होतो.

म्हणूनच एमआयडीसीतल्या अनेक शेडबाहेर डिझेल जनरेटर, म्हणजे 'डीजी', उभा दिसतो.

डीजीची वीज कितीला पडते?

एक लिटर डिझेलपासून साधारण 3 ते 3.5 युनिट वीज मिळते. डिझेल लिटरला 90 रुपये धरलं, तर एका युनिटचं नुसतं इंधन 25 ते 30 रुपयांना पडतं. औद्योगिक वीज महाग असल्याची उद्योजकांची तक्रार जुनीच आहे, पण तीही याच्या निम्म्याहून कमी दरात मिळते. म्हणजे डीजी कोणी हौसेनं चालवत नाही.

हे सुरू कसं झालं?

राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता, तेव्हा जनरेटर हाच आधार होता. 2006 मध्ये तर पुण्यात उलटाच प्रयोग झाला. गर्दीच्या वेळेत कंपन्यांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे आणि त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची. डिझेलचा जादा खर्च ग्राहकांकडून वेगळ्या आकारातून वसूल झाला. भारनियमन टाळणारं हे 'पुणे मॉडेल' तेव्हा देशभर चर्चेत होतं.

आता काय बदललं?

31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्ही वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारत देशाच्या एकाच ग्रिडला जोडला गेला. 2013-14 मध्ये देशात विजेची तूट 4.2 टक्के होती. 2024-25 मध्ये ती 0.1 टक्क्यावर आली. 30 मे 2024 रोजी मागणी 250 गिगावॅटवर गेली आणि तीही पूर्ण झाली.

तरीही लाईट का जाते?

कारण अडचण आता वीजनिर्मितीपेक्षा शेवटच्या टप्प्यात जास्त आहे. उपकेंद्रापासून कारखान्यापर्यंतची वाहिनी, जुनी केबल, तारांवर पडणारी फांदी, ओव्हरलोड झालेला ट्रान्सफॉर्मर यांमुळे फीडर ट्रिप होतो. मोठी कंपनी खर्च करून स्वतःसाठी एक्स्प्रेस फीडर घेऊ शकते. छोट्या वर्कशॉपला ते परवडत नाही.

खरी मेख मोजमापात आहे. वीज कंपन्यांची विश्वासार्हता 'सैफी' (वीज किती वेळा गेली) आणि 'सैडी' (एकूण किती वेळ गेली) या आकड्यांवर मोजतात. पण काही मिनिटांच्या आत परत आलेली वीज या हिशेबात सहसा धरली जात नाही. कारखान्याचं नुकसान मात्र नेमकं त्याच झटक्यात होतं.

सरकार काय म्हणतं?

प्रदूषणामुळे दिल्ली परिसरात ऑक्टोबर 2023 पासून डिझेल जनरेटरवर कडक निर्बंध आहेत. त्याआधी, एप्रिल 2022 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला. मोठ्या शहरांत जनरेटरची गरजच पडू नये म्हणून वीज कंपन्यांनी चोवीस तास पुरवठा द्यावा आणि डीजी वापरणाऱ्यांनी पाच वर्षांत बॅटरी साठवणुकीसारख्या स्वच्छ पर्यायाकडे वळण्याचा प्रयत्न करावा, असं त्यात म्हटलं आहे. राज्य वीज नियामक आयोग पुरवठ्याचा दर्जा पाहून वेगळी मुदत ठरवू शकतो. नाहीतर ही पाच वर्षं एप्रिल 2027 मध्ये संपतात.

मग पुढे काय?

एखाद्या एमआयडीसीतल्या कोणत्या फीडरवर महिन्यात किती वेळा वीज गेली, अगदी मिनिटभरासाठी गेली तरी, हे उघडपणे दिसायला हवं. मग दुरुस्ती आधी कुठे करायची ते ठरवता येईल आणि बॅटरी किती मोठी लागेल याचा हिशेब छोट्या उद्योजकालाही मांडता येईल.

तसं झालं नाही, तर मुदतीचा भार सगळ्यात आधी छोट्या वर्कशॉपवर पडेल. त्याला डीजी बंद करायला सांगणं सोपं आहे. त्याआधी त्याची लाईट जाणार नाही, याची खात्री कोणीतरी द्यावी लागेल.