सेनापती आल्वारादो आणि आपले निबंध

क्रांतिकारकावर निबंध लिहायला सांगा, मुलं लढाया लिहितात अन् थांबतात. म्हणून यंदा मेक्सिकन क्रांतीतला सेनापती साल्वादोर आल्वारादो शिकवावा, असं माझं मत आहे. १९१५ मध्ये तो फौजेसह युकातान प्रांतात आला आणि १९१८ पर्यंत तिथला गव्हर्नर राहिला. घायपाताच्या मळ्यांवर कर्जापायी राबणाऱ्या माया मजुरांना त्याने मोकळं केलं, खेड्यापाड्यांत शेकडो शाळा काढल्या. जानेवारी १९१६ मध्ये मेरिदा शहरात स्त्रियांची परिषद भरवली. आलेल्या बहुतेक जणी शिक्षिका होत्या, बरं का!

पण तो लोकांनी निवडलेला नव्हता, वरून नेमलेला होता. तेही सांगा. हुकमाने आलेलं स्वातंत्र्य टिकतं का, यावर मुलांना वर्गात भांडू द्या. पालकांनो, हे परीक्षेत येणार नाही. तरी घरी एकदा विचारून बघा.