दलालासाठी कर्ज डोक्यावर घेऊन पोरगा जहाजावर चढवू नका!

बडोदेकरांनो,

दलालाला चार लाख मोजून जहाजावर गेलेला आपल्या रावपुऱ्यातला मुलगा पगाराचा छदामही न घेता परतला. हळहळ करून झाली. तोवर तिथल्याच टॉवरजवळच्या खांबावर नवी जाहिरात लागलीसुद्धा: ‘दहावी पास? कोर्स, सीडीसी, नोकरी, एकच पॅकेज. हजेरीची गरज नाही.’ (सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक.)

हजेरीची गरज नाही! खलाशांच्या प्रशिक्षणाचा एसटीसीडब्ल्यू हा आंतरराष्ट्रीय करार १९७८चा. त्यानुसार लाईफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारावी लागते, उलटलेला तराफा सरळ करावा लागतो, धुराने भरलेल्या जागेत श्वसनयंत्र लावून शिरावं लागतं. हे घरपोच कसं मिळणार?

१ जानेवारी २०२६पासून याच मूलभूत प्रशिक्षणात छळ, दादागिरी आणि लैंगिक अत्याचार कसे रोखायचे, घडलेच तर काय करायचं, हेही आलं. नियम चांगला आहे. पण आईचे दागिने गहाण टाकून गेलेला पोरगा वरिष्ठाविरुद्ध तोंड उघडेल? जहाजावरून उतरवलं तर व्याज कोण भरणार? तो मुकाट्याने सोसेल. पॅकेजवाला नोकरी विकत नाही, पोराची जीभ गहाण ठेवून घेतो.

“सगळेच देतात हो!” देतात म्हणूनच भाव चढलाय.

“नोकरीसाठी एवढं चालायचंच.” का म्हणून? २००६चा सागरी कामगार करार भारताने २०१५ साली स्वीकारला. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला त्यात मनाई आहे. वैद्यकीय दाखला, सीडीसी, पासपोर्ट एवढाच खर्च त्याचा; व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. मग चार लाख कसले, चहापाण्याचे?

“माणूस ओळखीतला आहे.” अहो, अनोळख्याला चार लाख देतं कोण?

२०२४ साली मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या ३,१३३ खलाशांची नोंद आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने केली. सर्वाधिक भारतीय: ८९९. या आकड्यात पुढचं घर कोणाचं?

पालकांनो, कोर्स मान्यताप्राप्त संस्थेतच करू द्या, मुलाने स्वतः जाऊन. एजन्सीचा खलाशी-भरतीचा परवाना (आरपीएसएल) नौवहन महासंचालनालयाच्या यादीत तपासा. नोकरीसाठी पैसे मागितले की उठा आणि थेट पोलिसांत जा. आणि हे पत्रक रद्दीत टाकू नका. दहावी-बारावीचं पोर असलेल्या शेजारच्या घरात द्या.