विश्लेषण : तान्हे बाळ रात्रभर रडते, तेव्हा आईचे काय होते?

वसई-विरारमध्ये वन रूम किचनच्या घरात रात्री दोन वाजता बाळ रडू लागले की भिंतीपलीकडचे शेजारीही जागे होतात. नवऱ्याला पहाटेची लोकल गाठायची असते. मग बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणे आईच्याच वाट्याला येते. ‘दूध पुरत नसेल’, ‘दृष्ट लागली असेल’ असे सल्ले भरपूर मिळतात. तिची झोप झाली का, हे क्वचितच कोणी विचारते.

इतके रडणे नेहमीचे असते का?

बहुतेकदा हो. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी १९६२ मध्ये प्रसिद्ध केल्या. रडणे वाढत जाऊन सहाव्या आठवड्यात दिवसाला सुमारे पावणेतीन तासांवर पोहोचते आणि मग उतरते, असे त्यातून दिसले. संध्याकाळी जोर अधिक. शिवाय दिवस-रात्रीचा फरक बाळाला दोन-तीन महिन्यांनंतर कळू लागतो. निरोगी, वजन वाढणाऱ्या बाळाचे असे रडणे तीन-चार महिन्यांत बहुधा आपोआप कमी होते. आईचे काही चुकते म्हणून ते होत नाही.

मग सहावा आठवडाच कठीण का?

कारण नेमका तेव्हाच आधार सुटतो. सव्वा महिना झाला की घरकाम पुन्हा अंगावर येते, मदतीला आलेली आई किंवा सासू गावी परतते. २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेली २६ आठवड्यांची प्रसूती रजा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी आहे. धुणीभांडी करणाऱ्या किंवा वसई पूर्वेच्या छोट्या गाळ्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला तिचा उपयोग नाही. नवजात बालकांसाठीच्या आशा सेविकेच्या गृहभेटीही ४२ व्या दिवशी संपतात. पुढच्या कार्यक्रमातील भेट थेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे रडणे टिपेला असते तेव्हा घरी येणारे कोणीच नसते.

अशा वेळी सुटका शोधली जातेच. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या स्त्रिया शंभर वर्षांपूर्वी बाळ निजून राहावे म्हणून अफूची ‘बाळागोळी’ देत. आज कोणी विचारून, कोणी न विचारताच झोपेचे औषध पाजते. तेही तितकेच धोक्याचे.

हा थकवा की आजार?

दोन्ही असू शकते, आणि ते ओळखायला हवे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झाल्या नव्हत्या. आर्थिक ओढाताण आणि नवऱ्याशी बेबनाव असलेल्यांना धोका अधिक होता. त्यांतील ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास होता. म्हणजे केवळ रडण्याला दोष देऊन भागत नाही. आधीच खचलेल्या आईला ते अधिक खचवते.

काय करता येईल?

वेगळी यंत्रणा लागत नाही. सहाव्या आठवड्यात बाळाला लस द्यायला आई केंद्रावर येतेच. नैराश्याची चाचपणी करणारी एडिनबरा प्रश्नावली अवघ्या दहा प्रश्नांची आहे. बाळाचे वजन होईपर्यंत ते विचारून होतात. अडचण पुढची आहे : ‘हो, मला रडू येते’ म्हणणाऱ्या आईला पाठवायचे कुठे, हे त्या परिचारिकेला माहीत असायला हवे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ वर २४ तास उपलब्ध आहे. तो क्रमांक लसीकरण कार्डावर शिक्का मारून देणे फार खर्चाचे नाही.

घरात रात्रीची एक पाळी दुसऱ्या कोणी घेतली तरी आईला सलग चार तास मिळतात. राग अनावर झाला तर बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवून पाच मिनिटे बाजूला जावे. त्याला गदागदा हलवू नये, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ताप, दूध न ओढणे, मलूलपणा, टाळू फुगणे किंवा नेहमीपेक्षा वेगळे, किंचाळल्यासारखे रडणे असेल तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आईच्या मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तरीही तसेच.